टॅलीत प्रत्येक दुकानाचा आणि विभागाचा खर्च वेगळा कसा ठेवायचा?

तुमची टिळक रोडला आणि हडपसरला मिक्सर-पंख्यांची दुकानं, भोसरीत दुरुस्तीचं वर्कशॉप. कुठे किती पैसा जातो ते कळत नाही, म्हणून टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तीन कंपन्या, म्हणजे हिशेबाच्या तीन वेगळ्या वह्या, उघडू का, असं विचारताय.

नका उघडू. वर्षअखेरीला तीन ताळेबंद जुळवता जुळवता जीव जाईल. पॅन एक, तिन्ही जागा महाराष्ट्रात, त्यामुळे जीएसटी नंबरही एकच पुरतो. फक्त पोर्टलवर मुख्य पत्त्याखेरीज बाकीचे दोन्ही पत्ते अतिरिक्त जागा म्हणून चढवलेत ना, ते बघा.

टॅलीत एफ११ बटण दाबून कॉस्ट सेंटर चालू करा; कॉस्ट सेंटर म्हणजे खर्च कुणाच्या नावावर पडला ते दाखवणारा कप्पा. पण इथे मी एकदा माती खाल्ली आहे. एका अशिलासाठी 'हडपसर-विक्री', 'हडपसर-सर्व्हिस' अशी जोडनावं केली. तीन जागा, चार विभाग, म्हणजे बारा सेंटर. सहा महिन्यांनी मालकांनी विचारलं, "सगळीकडचा मिळून सर्व्हिसचा खर्च किती?" आणि मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो!

जागा आणि विभाग हे दोन वेगळे प्रश्न आहेत, म्हणून कॉस्ट कॅटेगरीही, म्हणजे या कप्प्यांचे गटही, दोन करा. 'ठिकाण'मध्ये टिळक रोड, हडपसर, भोसरी. 'विभाग'मध्ये विक्री, सर्व्हिस, ऑफिस. समजा टिळक रोडचं वीजबिल १८,४०० आलं. 'ठिकाण'मध्ये सगळे १८,४०० टिळक रोडला. 'विभाग'मध्ये तेच १८,४०० पुन्हा वाटायचे: विक्री १२,४००, सर्व्हिस ६,०००. घाबरू नका, लेजरला, म्हणजे वीजबिलाच्या खात्याला, खर्च एकदाच पडतो. ही त्याच रकमेची दोन बाजूंनी केलेली वाटणी आहे.

सीएची फी, मालकांचा मोबाइल असल्या खर्चांना 'ठिकाण'मध्ये 'सामाईक' ठेवा. 'इतर' मात्र ठेवू नका; व्हाउचर, म्हणजे व्यवहाराची नोंद, टाकणारा मुलगा घाईत अर्धा खर्च तिथेच ढकलतो. लेजरमध्ये कॉस्ट सेंटर 'येस' करायचं ते पगार, भाडं, वीज, विक्री अशांनाच. सगळ्यांना केलंत तर दर व्हाउचरला खिडकी उघडेल आणि लोक कंटाळून वाट्टेल ते भरतील. सुरुवात १ एप्रिलपासून करा, म्हणजे पूर्ण वर्षाचा रिपोर्ट मिळेल.

हडपसरला किती पंखे पडून आहेत, हे यातून कळणार नाही. त्यासाठी टॅलीत 'गोडाऊन', म्हणजे माल ठेवल्याची जागा, वेगळं करावं लागतं.