हिब्रूतला प-र आणि तिसरं अक्षर

प्रश्न असाय की हिब्रूत धातू तीन व्यंजनांचे असतात म्हणतात, मग पारद, पारत्स, पारक, पारस या सगळ्यांतच तुटणं-फुटणं कसं काय? म्हणजे मूळ प-र एवढंच आणि तिसरं अक्षर आपल्या उपसर्गासारखं नंतर चिकटलेलं का?

पहिल्यांदा बघितलं की तसंच वाटतं. पारद म्हणजे वेगळं करणं, पारत्स फोडून बाहेर पडणं (बायबलातला पेरेस, जुळ्या भावाच्या आधी मुसंडी मारून बाहेर आला तो, त्याचं नाव यावरूनच), पारक सुटं करणं, पारस भाकरी मोडणं, पारम शिवण उसवणं, आणि पाराश वेगळं होणं, मराठी बायबलातले परूशी (एक जुना ज्यू पंथ) यांचं नाव बहुतेक जण याच्यातलंच मानतात. क-त्स ची पण अशीच फौज आहे, कात्सत्स छाटणं, कात्सर कापणी करणं, केत्स शेवट, आणि कात्साव म्हणजे चक्क खाटीक.

हा वाद जुनाय. १० व्या शतकात स्पेनमधे मनाहेम बेन सरूकने हिब्रू कोश केला त्यात दोन अक्षरी काय, एक अक्षरी धातू पण धरलेत, कारण रूपं चालवताना जे अक्षर गळतं ते त्याने मोजलंच नाही. मग यहूदा हय्यूज या व्याकरणकाराने अरबी व्याकरणाचा धागा पकडून दाखवलं की य, व सारखी दुबळी अक्षरं गळत नाहीत, लपतात, त्यामुळे धातू तीनचाच. तेव्हापासून कोश तसेच लावतात. १९ व्या शतकात गेझेनियस वगैरे जर्मन हिब्रू अभ्यासकांनी दोन अक्षरी गाभ्याचा विषय परत काढला.

माझ्या मते गाभा काही ठिकाणी खराच असावा, अरबीतही कतअ तोडणं, कतफ खुडणं अशा जोड्या दिसतातच, पण उपसर्गाची उपमा मला पटत नाही. हृ ला प्र, वि, सं लावून प्रहार, विहार, संहार होतात आणि तेच प्र, वि, सं दुसऱ्या धातूंनाही लागतात, पारद मधल्या द चं काम काय ते मात्र कोणी सांगू शकत नाही. शिवाय पार म्हणजे बैल, परी म्हणजे फळ, पेराख म्हणजे फूल, यांतही प-र आहेच पण तुटणं नाही, यांचं काय करायचं? "फळ झाडापासून तुटतं ना" म्हणणारे भेटतात, त्यांना नमस्कार. गेझेर म्हणजे गाजर, आणि गाझर म्हणजे कापणं, म्हणून गाजर कापतात असंही कोणी जुळवेल, पण ते फारसीतल्या गझरशी जोडलेलं, आपल्या गाजराचंच नातलग.

छोट्यातून मोठा धातू होताना बघायचाच असेल तर तीनाचे चार झालेले बघा. गालल म्हणजे लोळवणं, त्यातून गलगल म्हणजे चाक. खाशव विचार करणं, त्याला म लावून माखशेव म्हणजे कॉम्प्युटर, आणि मग तो म धातूतच मुरला आणि मिखशेव म्हणजे कॉम्प्युटराइझ करणं. काताव म्हणजे लिहिणं, त्याच्या आधी श लावून शिखतेव, परत नव्याने लिहून काढणं.