अडुळशाच्या पानांचा रस का निघत नाही?

तुम्ही लिहिलंय की खोकल्यासाठी कोथरूडच्या सोसायटीतल्या कुंपणाची पानं मिक्सरला लावून पिळली, तर हाती नुसता चोथा आला. कच्चा अडुळसा असाच वागतो. पान चिवट, त्यात मोकळा रस कमी. आणि वरून पाणी घालून वाटलं की निघतं ते हिरवं पाणी. म्हणूनच तर आयुर्वेदात याला पुटपाक सांगितलाय: पानं वडाच्या किंवा जांभळीच्या पानांत गुंडाळायची, वर मातीचा लेप द्यायचा आणि निखाऱ्यात भाजायची.

फ्लॅटमध्ये निखारे कुठून आणणार? मोदकपात्र घ्या. पिवळी पडलेली आणि अगदी कोवळी पानं सोडून मधली हिरवी वीसेक घ्या, धुवून पुसा, चाळणीवर पसरून आठ-दहा मिनिटं वाफवा. पानांचा रंग काळपट हिरवा झाला आणि ती लुळी पडली की पुरे. झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी पानांवर ठिबकतं आणि रस पातळ होतो. गरम असतानाच खलात कुटा, सुती फडक्यातून पिळा. मोठ्या माणसाला दोन चहाचे चमचे रस, तो निवल्यावर एक चमचा मध, दिवसातून दोनदा. रस रोज ताजाच पिळा. जास्त घेतला तर उलटी होते.

त्याआधी झाड तेच आहे ना, हे बघा. पानं समोरासमोर, दोन्ही टोकांना निमुळती, कड सरळ. फूल पांढरं, दोन ओठांचं, खालच्या ओठावर जांभळट रेघा. अरुंद पानांचा, काळसर दांड्यांचा तो काळा अडुळसा. ते झाड वेगळं. रस्त्याकडेची किंवा माळ्याने औषध फवारलेली पानं नकोच.

कफ सुटतो तो यातल्या वासिसिनमुळे. खोकल्याच्या सिरपमधलं ब्रोमहेक्झिन याच द्रव्यावरून बनवलेलं. पण वासिसिन गर्भाशयही आकुंचित करतं, तेव्हा गरोदर बाईला अडुळसा अजिबात द्यायचा नाही. लहान मुलांना वैद्यांना विचारल्याशिवाय नको, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नाही.

ताजी पानं नसतील तर मंडईकडच्या काष्ठौषधीच्या दुकानातून सुकी आणा: दहा ग्रॅमला सोळापट पाणी, आटवून पाव करा. मात्र खोकला दोन आठवड्यांवर गेला किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर काढा बाजूला ठेवून आधी थुंकी तपासून घ्या. क्षयाची ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते.