शेरूला मापात वाढा

भाऊ, शेरू कुत्रा वावर राखतो म्हणून लाडानं उरलंसुरलं सगळं त्याच्यापुढं टाकू नका. अमेरिकेत लॅब्राडोर जातीच्या ४८ पिल्लांच्या २४ जोड्या लावून त्यांना आयुष्यभर पाहिलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. २००२ साली निकाल छापून आला: कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मी कुत्री ज्याहून जास्त जगली ते वय) १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. सांध्यांचं दुखणंही कमी खाणाऱ्यांना उशिरा लागलं. म्हणून बरगडीवर हात फिरवत जा. फासळ्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत, वरून पाहिलं तर कंबर आत गेलेली दिसावी. हाडं वर आलेल्या कुत्र्याला मात्र हे लागू नाही. त्याला आधी पोटभर घाला, जंताचं औषध द्या.

आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्यांवर तिकडे चाचण्या चालू आहेत, त्यांच्या नादी आत्ता लागू नका. त्यापेक्षा पावसाळ्यात रोज कानामागं अन् बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा. गोचीडतापानं कुत्रं मुकाट खंगतं. हिरड्या पांढुरक्या दिसल्या की त्याच दिवशी जनावरांचा दवाखाना गाठा. रेबीजच्या लशीत चालढकल अजिबात नको. अन् मे महिन्यात टिनाखाली बांधू नका, उष्माघातानं जीव जातो. निंबाखाली बांधा, पाण्याचं भांडं जड ठेवा.