वाचकांचे प्रश्न : ऐकणं आणि ओळखणं

प्रश्न : मुलगी नववीत आहे. शाळेतून उतरलेल्या चेहऱ्यानं येते. ‘काय झालं?’ विचारलं की ‘काही नाही’ म्हणते. कधी बोललीच, तर मध्येच ‘जाऊ दे, तू ऐकतच नाहीस’ म्हणून उठते. मी तर समोर बसून ऐकत असते. चुकतंय कुठे?
— एक आई, सातारा

उत्तर : बहुधा तुम्ही ऐकता, पण उत्तर फार लवकर देता. ही सवय सगळ्यांनाच असते आणि तिला कारण आहे. जगातल्या दहा भाषांमधली संभाषणं मोजून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर साधारण एक पंचमांश सेकंद निघालं. एक साधा शब्द मनात जुळवून तोंडावाटे काढायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतो. म्हणजे समोरची व्यक्ती बोलत असतानाच आपण उत्तर जुळवायला घेतलेलं असतं. गप्पांमध्ये ते चालतं. मन मोकळं करणाऱ्या मुलीला मात्र ते लगेच जाणवतं.

म्हणून तिचं वाक्य संपलं की मनात सावकाश तीन आकडे मोजा. ती शांतता तुम्हाला फार लांब वाटेल, पण पुष्कळदा खरी गोष्ट त्यानंतरच बाहेर येते. मग सल्ला न देता, तुम्हाला काय कळलं तेवढंच सांगा : ‘म्हणजे बाई ओरडल्या त्याचं नाही, मैत्रिणी हसल्या ते लागलं, असंच ना?’ अंदाज चुकला तरी बिघडत नाही. ‘नाही गं, तसं नाही’ म्हणत ती स्वतःच नीट सांगते. तिचेच शब्द जसेच्या तसे परत म्हणू नका, मुलांना ती नक्कल वाटते. घाईघाईचं ‘हो हो, कळलं’ही टाळा. त्याचा अर्थ ‘आटप आता’ असा पोचतो. ‘का?’ विचारलं की उलटतपासणी सुरू झाल्यासारखी वाटते, त्यापेक्षा ‘मग काय झालं?’ बरं.

समोरासमोर बसायचा आग्रहही सोडा. मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना, शेजारी बसून नजरेला नजर न देता या वयाची मुलं जास्त बोलतात. दारातून आत आल्या आल्या विचारू नका, आधी खाऊ दे. फोन उलटा ठेवणं पुरेसं नाही, तो दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि ‘काही नाही’ला उत्तर म्हणून एवढंच : ‘बरं. मी इथंच आहे.’

प्रश्न : मी कंपनीत मुलाखती घेतो. हाताची घडी म्हणजे विरोध, नजर टाळणं म्हणजे खोटं, आणि संवादात ५५ टक्के देहबोली असते, असं प्रशिक्षणात शिकवलं. यावर किती विसंबावं?
— एक वाचक, चाकण

उत्तर : प्रशिक्षणातल्या त्या ठोकताळ्यांवर अजिबात विसंबू नका, त्यांनी चांगल्या उमेदवारांवर अन्याय होतो. ५५ टक्के देहबोली, ३८ टक्के आवाजाचा सूर आणि ७ टक्के शब्द हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आले. तिथे सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहऱ्याचे फोटो एकमेकांशी विसंगत असताना लोक कोणती भावना ओळखतात, एवढंच पाहिलं होतं. अनुभव किंवा पगार सांगणाऱ्या माणसाला ते लागू होत नाही. खोटं ओळखण्याबद्दलचे दोनशेहून अधिक अभ्यास २००६ साली एकत्र तपासले गेले. लोकांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर आला, म्हणजे छापा-काट्याच्या जरासा पुढे. एसीत हाताची घडी थंडीनंही होते, आणि वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवायला कित्येक घरांत मुद्दाम शिकवलेलं असतं.

उपयोग आहे तो बदल टिपण्याचा. पहिली पाच मिनिटं सोपं विचारा : गाव, प्रवास, शिक्षण. त्यात त्या व्यक्तीचा नेहमीचा वेग, आवाज, हातवारे कळतात. पुढे नेमक्या कोणत्या प्रश्नाला वेग मंदावला, वाक्यं तुटली, हात थांबले, ते लिहून ठेवा. दोन-तीन बदल एकदम दिसले तरच लक्ष द्या. तेव्हाही कारण आपल्या मनानं ठरवू नका. देहावर न बोलता विषयावर विचारा : ‘आधीच्या नोकरीबद्दल आणखी काही सांगायचंय का?’

शब्दांआधीची जागाही ऐका. होकार सहसा पटकन येतो, नकार मात्र थांबून, ‘हं… म्हणजे… बघतो’ अशा आडवळणानं. ‘पुढच्या सोमवारी रुजू व्हाल?’ याला लांबलेलं ‘हो…’ आलं, तर लगेच विचारा, ‘की पंधरा दिवस हवेत?’ नाही म्हणायला वाट दिली की लोक खरं सांगतात.

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. बोलताना ‘हो हो’ म्हणून मान हलवतात, पण उत्तर भलतंच देतात. लक्ष नसतं की विसरायला लागलेत?
— एक मुलगा, डोंबिवली

उत्तर : आधी कान तपासा. वयानुसार वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, फ, थ अशी व्यंजनं निसटतात, स्वर ऐकू येतात. ‘साठ’चं ‘आठ’ होतं. म्हणून ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ अशी तक्रार असते, आणि सारखं ‘काय?’ विचारायची लाज वाटून माणूस मान हलवतो. ओरडल्यानं स्वर मोठे होतात, व्यंजनं स्पष्ट होत नाहीत, शिवाय चेहरा रागीट दिसतो.

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून मळ आहे का ते पाहून घ्या, मग ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची चाचणी करा. घरात टीव्ही, मिक्सर बंद करून, तीन-चार फुटांवर, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल असे बसा. खिडकीकडे पाठ नको, ओठ दिसत नाहीत. आधी हाक मारा, त्यांनी पाहिल्यावर बोला. न कळल्यास तेच वाक्य पुन्हा न म्हणता शब्द बदला. ‘कळलं का?’ऐवजी ‘मग डॉक्टरांकडे कधी जायचं ठरलं?’ असं विचारा, म्हणजे काय पोचलं ते समजेल.

एका कानानं अचानक, तासाभरात किंवा एक-दोन दिवसांत ऐकू येणं कमी झालं, तर मात्र मळ असेल म्हणून वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. ही तातडीची बाब आहे, आणि उपचार लांबले की ऐकू परत येण्याची शक्यता घटते.