उत्क्रांती-वृक्षाच्या (ट्रीच्या) चार फांद्या एकत्र फोरग्राउंड केल्या आणि निकाल सिग्निफिकंट आला, म्हणजे अभिसारी अनुकूलन सिद्ध झालं का?

नाही, अजून नाही. अभिसारी अनुकूलन म्हणजे वेगवेगळ्या वंशांत निवडीमुळे स्वतंत्रपणे घडलेला सारखाच बदल. तुम्ही लिहिलंय की एकच गुणधर्म ट्रीच्या चार फांद्यांवर स्वतंत्रपणे आला, त्या चारही फांद्या कोडएमएल या प्रोग्रामच्या ब्रांच-साइट मॉडेलमध्ये (ठरावीक फांद्यांवर, काही जागांपुरती निवड शोधणारी चाचणी) फोरग्राउंड केल्या, म्हणजे तपासायच्या फांद्या म्हणून खुणावल्या, आणि पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली गेली. यातून इतकंच कळतं की या चारांत कुठेतरी, काही कोडॉनवर (एका अमिनो आम्लासाठीचे तीन बेस) ओमेगा १ च्या वर गेला असावा. ओमेगा म्हणजे अमिनो आम्ल बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या बदलांच्या दरांचं गुणोत्तर; ते १ च्या वर गेलं की बदलाच्या बाजूने निवड झाली असं मानतात. एकाच फांदीत जोर असला तरी निकाल हाच येऊ शकतो. म्हणून एकेक फांदी पाळीपाळीने वगळून बाकीच्या तिघींवर चाचणी पुन्हा चालवा. एखादी काढल्याबरोबर सिग्नल गेला, तर कथा तिच्या एकटीची.

आणि चारही फांद्यांत निवड दिसली तरी ती अभिसारी आहे हे वेगळं दाखवावं लागतं. मला यासाठी रुईच्या विषाचं उदाहरण फार आवडतं. रुईच्या चिकातली कार्डेनोलाइड्स पेशीतल्या सोडियम-पोटॅशियम पंपाला चिकटून तो बंद पाडतात. मोनार्क फुलपाखरू, रुईच्या कुळातल्या झाडांवर जगणारे काही भुंगेरे, ढेकणाच्या गटातले काही कीटक, या सगळ्यांत पंपाच्या १२२ व्या जागी अ‍ॅस्परजिन जाऊन हिस्टिडीन आलं, तेही स्वतंत्रपणे. तीच जागा, तेच अमिनो आम्ल. २०१९ मध्ये फळमाशीत क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने हे बदल घालून पाहिले. एकट्या १२२ च्या बदलाने माशी विष पचवू लागली, पण धक्का बसला की लुळी पडायची. ११९ चा बदल सोबत दिल्यावर हा त्रास कमी झाला. ओमेगाच्या आकड्यातून हे कधीच कळलं नसतं.

तेव्हा पूर्वज-सीक्वेन्स (पूर्वजांच्या जनुकाचा अंदाजित क्रम) काढा आणि फांद्यांच्या जोड्यांत एकाच जागी एकच अमिनो आम्ल किती वेळा आलं ते मोजा. मात्र त्या आकड्याला तुलनेशिवाय अर्थ नाही. प्रतिध्वनीने वाट शोधणाऱ्या वटवाघूळ आणि डॉल्फिन यांच्यात जवळपास २०० जनुकांत अभिसरण आहे, असं २०१३ मध्ये नेचरमध्ये छापून आलं होतं. २०१५ मध्ये दोन गटांनी प्रतिध्वनी न वापरणाऱ्या प्राण्यांशी तीच तुलना केली. वटवाघूळ आणि गाय यांच्यातही तितकंच अभिसरण निघालं! योगायोगाने होणारं अभिसरण इतकं असतं. तुमच्या ट्रीमध्येही गुणधर्म नसलेल्या, साधारण तेवढ्याच लांबीच्या फांद्यांच्या जोड्या कंट्रोल म्हणून घ्याच. जीन ट्री (त्या एका जनुकाचा वंशवृक्ष) स्पीशीज ट्रीशी (प्रजातींच्या वंशवृक्षाशी) जुळत नसेल तर एकदाच झालेला बदल दोनदा झाल्यासारखा भासतो, तेही तपासा. निवड सैल झाल्यानेच ओमेगा वाढला असेल अशी शंका असेल, तर ते तपासणारी रिलॅक्स ही चाचणी चालवून पाहा.

पण या सगळ्याच्या आधी अलाइनमेंट (प्रजातींच्या सीक्वेन्सची जागेशी जागा जुळवलेली मांडणी) उघडून डोळ्यांनी बघा. माझ्या एका जनुकात उत्तम पी-व्हॅल्यू आली होती आणि निवडलेल्या सगळ्या जागा सलग सात कोडॉनांत होत्या. एका प्रजातीत एक बेस सुटल्याने तेवढा तुकडा चुकीच्या फ्रेममध्ये वाचला गेला होता, म्हणजे तीन-तीन बेसचे गट सरकले होते. तो झाकून पुन्हा चालवलं, तर काहीच उरलं नाही. तुमच्या यादीतल्या जागा अशा एकमेकींना चिकटून आहेत का, ते आजच पाहा.