ठाण्यातल्या सोसायटीत घडणारी रहस्यकथा लिहितोय, सात पानांवर अडलोय. पुढे कसं जावं?

सात पानांवर अडलात म्हणजे बहुतेक खून कोणी आणि कसा केला हे तुमचंच अजून ठरलेलं नाही. कथा बाजूला ठेवा आणि कोऱ्या कागदावर खुन्याचं वेळापत्रक मांडा: कितीला कुठे होता, कशाला हात लावला, कोणी पाहिलं, नंतर काय सांगितलं. हा कागद वाचकाला दिसत नाही, पण खोटं कुठे पकडायचं ते त्यातूनच सापडतं.

बोटांच्या ठशांपेक्षा मला घरगुती पुरावे जास्त आवडतात. समजा, नौपाड्यातली जुनी इमारत. एकटे राहणारे काका १६ ऑगस्टला मृत सापडतात. पुतण्या सांगतो, "सातला गेलो होतो. दुधाची पिशवी कडीला, पेपर दारात पडलेला, खिडकी बंद. म्हटलं झोपलेत, बेल न वाजवताच परतलो." खोटं पेपरात आहे. १५ ऑगस्टला वृत्तपत्रांना सुट्टी, त्यामुळे १६ ला छापील पेपर येत नाही. खून करून तो रात्रीच निसटला होता. गल्लीत राहिलेली स्कूटर न्यायला सातला आला आणि वॉचमनने पाहिलं, म्हणून काहीतरी सांगणं भाग पडलं. वर तो गेलाच नाही. दारातलं दृश्य त्याने रोजच्या सवयीवरून रचलं.

आता ही खूण लपवायची कशी? तीन गोष्टींच्या मधोमध ठेवली, कारण वाचकाला पहिली आणि शेवटची लक्षात राहते. जबाब संपला की लगेच पाण्याच्या टँकरवरून भांडण सुरू करा. जबाबात तारीख उच्चारू नका, पण दोन पानं आधी सोसायटीचं झेंडावंदन दाखवा. तारीख वाचकाला कळलीच नाही तर ती फसवणूक ठरते.

इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. चलाख वाचक विचारणार, आदल्या दिवसाचा पेपर असेल की! बरोबर आहे, १५ चा पेपर येतोच. ही पळवाट आधीच बुजवा: झेंडावंदनानंतर काका त्याच पेपरात जिलबी गुंडाळून घरी नेताना दिसू देत. प्रत्येक खुणेला "दुसरं काही कारण असू शकतं का?" हा प्रश्न निदान तीनदा विचारा.

चार हजार शब्दांच्या कथेला तीन संशयित पुरे. मृतदेह पहिल्या चारशे शब्दांत सापडावा. खऱ्या खुणा तीन-चार, चकवे दोन. निर्दोष माणसांनीही काहीतरी लपवायला हवं, नाहीतर खुनी एकटाच घाबरलेला दिसतो. खजिनदाराने दुरुस्ती फंडाचा घोळ लपवावा, शेजारणीने पोलिसांत नोंद न केलेला भाडेकरू. अशा चकव्यांचाही शेवटी खुलासा द्या.

कॅमेरा नेमका त्याच रात्री बंद पडला, असं कृपया नको. त्यापेक्षा तो चालू ठेवा. त्याला फक्त फाटक दिसतं, जिना नाही आणि मागची भिंतही नाही.

पोलिसी तपशील थोडे पण अचूक असू द्या. घटना १ जुलै २०२४ नंतरची असेल तर खुनासाठी ३०२ लिहू नका. आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. कारण अस्पष्ट असेल तर सुरुवातीला अकस्मात मृत्यूची नोंद होते. पात्र ऐरोलीला पळालं तर ते नवी मुंबई पोलिसांच्या हद्दीत गेलं, ठाण्याच्या नाही. मृत्यूची वेळ "रात्री ११:२०" अशी डॉक्टरांच्या तोंडी घालू नका, ते काही तासांचा अंदाज देतात. आणि "मी तेव्हा लोकलमध्ये होतो" हा बचाव वापरणार असाल तर ठाणे ते वाशी साधारण अर्धा तास धरा. रोज तो प्रवास करणारे वाचक दहा मिनिटांची चूकही पकडतील.

खर्डा झाला की दोघांना वाचायला द्या, आणि "आवडली का" न विचारता "कोणत्या पानावर कोणाचा संशय आला" एवढंच विचारा. दोघांनीही पेपरपाशीच पुतण्याला पकडलं, तर टँकरचं भांडण अजून वाढवा.