मूल मोठं झालं की ओढाताण थांबेल का?

प्रश्न: माहेर चंदगडकडचं, राहते बेळगावात अनगोळला. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. मिस्टर फौंड्रीत आहेत, पाळी दर आठवड्याला बदलते. मुलगी दुसरीत, सासूबाईंना गुडघेदुखी. चार वर्षं झाली, घर आणि कामाची ओढाताण तशीच आहे. सगळे म्हणतात, पोरगी मोठी झाली की कमी होईल. खरंच होईल का?

उत्तर: ताई, नुसतं वय वाढून होणार नाही. चार वर्षांपूर्वी मुलीला भरवण्यावरून अडत होतं, आता अभ्यासावरून अडतं. कारण बदललं, पण घरातली कामाची वाटणी तीच राहिली.

ग्रीनहाउस आणि ब्युटेल या संशोधकांनी 1985 मध्ये या ओढाताणीचे तीन प्रकार सांगितले: वेळेची, ताणाची आणि वागण्याची. तुमच्याकडे पहिल्या दोन दिसतात. वेळेची ओढाताण वेळापत्रक हललं की हलते. ताणाची चिवट असते, कारण ती स्वतःलाच पोसते. झोप अपुरी झाली की बिलाचा आकडा चुकतो, दुरुस्तीत उशीर होतो, घरी चिडचिड होते आणि पुन्हा झोप जाते.

म्हणून आधी वेळेची धरा. महिनाभर एका वहीत रोज एक ओळ लिहा: तारीख, काय अडलं, आणि कामानं घर अडवलं की घरानं काम. शेजारी मिस्टरांची पाळी लिहा. तुमचं काम बघता खुणा बहुतेक 7, 11 आणि 20 तारखेभोवती पडतील: टीडीएस (कापून घेतलेला कर) भरणा, जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र), 3बी (महिन्याचा जीएसटी भरायचं विवरणपत्र). 2बी, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीचा तक्ता, येतं 14 तारखेला, त्यामुळे 3बीसाठीची जुळवणी 15 ते 19 मध्येच कोंबली जाते. त्याच आठवड्यात मिस्टरांची दुसरी पाळी आली, की संध्याकाळ तुमच्या एकटीवर. पाळ्या तीन असतील तर हे साधारण तीन महिन्यांतून एकदा येणारच. ते आधी कळतं, हीच जमेची बाजू. तेवढ्या आठवड्यापुरती पाळी बदलून घ्यायला मिस्टरांनी महिन्याच्या सुरुवातीलाच बोलावं. ऐनवेळी कुणी बदलून देत नाही.

मालकांशी बोलताना "घरी त्रास होतो" म्हणू नका. "विक्रीची बिलं 5 तारखेच्या आत टेबलावर आली तर जीएसटीआर-1 वेळेत जाईल, उशिराची लेट फी लागणार नाही," असं सांगा. बिलं 10 तारखेच्या संध्याकाळी हातात पडतात तिथेच तुमची रात्र जाते.

अभ्यासाचं बघा. तुमचं शिक्षण चंदगडकडे, म्हणजे महाराष्ट्रात झालं असेल, तर मुलीचं कन्नड पुस्तक तुम्हाला तिच्याइतकंच नवीन. मिस्टर इथलेच असतील तर कन्नड त्यांच्याकडे द्या, पूर्णपणे. पहिल्या पाळीच्या आठवड्यात संध्याकाळी, रात्रपाळीच्या आठवड्यात झोप झाल्यावर, रोज वीस मिनिटं. दुसऱ्या पाळीत फक्त रविवारी. वही तपासणं, बाईंना विचारणं, सगळं त्यांचं. इथे बहुतेक घरं चुकतात: काम नवऱ्याकडे जातं, पण आठवण करून द्यायचं काम बायकोकडेच राहतं, आणि डोक्यावरचा भार तसूभरही हलत नाही.

सासूबाईंवर मुलीला आणायची जबाबदारी टाकू नका. जिने-रस्ता गुडघ्यांना झेपणार नाही, आणि दोन वर्षांनी त्यांचंच करावं लागेल. बसून होणारं काम द्या, भाजी निवडणं, पाढे म्हणून घेणं. दवाखान्याची तारीख महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घ्या, तेव्हा तुमचा हात जरा मोकळा असतो.

दर जूनला शाळा सुरू झाली की ही वही पुन्हा महिनाभर लिहा, कारण तोवर अडणारी जागा बदललेली असते.